रुझवेल्ट : रांग उलटी फिरवणारा अध्यक्ष

सोमवार, १३ मार्च १९३३. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशा अमेरिकेतील मोठ्या शहरांत बँकांचे दरवाजे उघडण्यापूर्वीच बाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. रांगांची त्या देशाला सवय झाली होती. आधीचे कित्येक आठवडे ठेवीदार आपले पैसे काढून घेण्यासाठी असेच उभे राहत होते आणि अनेकदा रिकाम्या हाताने परतत होते. त्या सोमवारच्या रांगेतील बहुतेक माणसे मात्र पैसे भरण्यासाठी आली होती. गादीखाली, पेटीत, डब्यात दडवलेल्या नोटा आणि सोन्याची नाणी घेऊन ती पुन्हा त्याच खिडकीपाशी आली. नवे अध्यक्ष फ्रँकलिन डिलॅनो रुझवेल्ट यांना पदावर येऊन तेव्हा अवघे नऊ दिवस झाले होते.

ज्या माणसावर सामान्यांनी एवढा विश्वास टाकला, त्याचा जन्म मात्र सामान्यांच्या घरातला नव्हता. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी हाइड पार्क येथील एका सधन जमीनदार घराण्यात ३० जानेवारी १८८२ रोजी रुझवेल्ट जन्मले. आई सारा यांचे ते एकुलते एक अपत्य. ग्रोटनची निवासी शाळा, मग हार्वर्ड आणि पुढे कोलंबियात कायद्याचे शिक्षण असा त्यांचा प्रवास आखीव वाटेने झाला. १९०५ मध्ये दूरच्या नात्यातील एलिनॉर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधूचे काका थिओडोर रुझवेल्ट तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि कन्यादानाचा मान त्यांनीच घेतला. फ्रँकलिन यांनी याच काकांच्या पावलांवर पाऊल टाकायचे ठरवले. १९१० मध्ये ते न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आले, १९१३ मध्ये नौदलाचे सहायक सचिव झाले आणि १९२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ती निवडणूक पक्षाने हरली. पण ३८ वर्षांच्या या देखण्या, हसतमुख नेत्याचे भवितव्य उज्ज्वल मानले जात होते.

ऑगस्ट १९२१ मध्ये सारे चित्र पालटले. कॅम्पोबेलो बेटावरील सुट्टीत त्यांना तापाने गाठले आणि काही दिवसांतच दोन्ही पाय निकामी झाले. निदान पोलिओचे झाले. त्यांनी हाइड पार्कला परतून शांतपणे आयुष्य काढावे, अशी आईची इच्छा होती. एलिनॉर आणि निकटचे सहकारी लुई हाऊ यांना ते मान्य नव्हते. जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात रुझवेल्ट वर्षानुवर्षे व्यायाम करत राहिले. पाय बरे झाले नाहीत. पोलादी पट्ट्या बांधून, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने कोणाचा तरी दंड धरून चार पावले टाकण्याची कला मात्र त्यांनी कमावली. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये त्यांची गाठ इतर रुग्णांशी आणि जॉर्जियातील गरीब शेतकऱ्यांशी पडली. हाइड पार्कच्या वाड्यातून न दिसणारी अमेरिका त्यांनी तिथे पाहिली.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आले आणि वर्षभरातच शेअर बाजार कोसळला. राज्याच्या विधिमंडळात विरोधकांचे वर्चस्व असल्याने रुझवेल्ट रेडिओवरून थेट जनतेशी बोलू लागले. ही सवय पुढे देशाच्या कामी येणार होती. १९३२ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४२ राज्ये जिंकून त्यांनी विद्यमान अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा पराभव केला.

निवडणूक नोव्हेंबरात आणि शपथविधी मार्चमध्ये, अशी तेव्हाची रीत होती. मधले चार महिने देशाला फार महागात पडले. सव्वा कोटीहून अधिक माणसे, म्हणजे साधारण चारातील एक कामगार, बेकार होती. १९३० ते १९३२ या तीन वर्षांत पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या होत्या. हूव्हर यांनी भावी अध्यक्षांकडे संयुक्त उपाययोजनेसाठी सहकार्य मागितले. पण हाती अधिकार नसताना जुन्या सरकारच्या धोरणांना बांधून घेण्यास रुझवेल्ट तयार झाले नाहीत. या नकारामुळे संकट वाढले, असा आरोप त्यांच्यावर तेव्हा झाला आणि नंतरही होत राहिला. १५ फेब्रुवारी १९३३ रोजी मायामीत त्यांच्यावर गोळीबार झाला. ते बचावले, पण शिकागोचे महापौर अँटन सरमॅक यांना गोळी लागली. जखमी सरमॅक यांना आपल्याच मोटारीत घेऊन रुझवेल्ट रुग्णालयात गेले. त्यांनी त्या वेळी राखलेल्या धीराच्या बातम्या देशभर पसरल्या आणि नव्या अध्यक्षांविषयीचे लोकांचे मत शपथविधीपूर्वीच बदलू लागले.

४ मार्चचा शनिवार उजाडला, तेव्हा जवळपास सर्व राज्यांत बँका बंद होत्या किंवा त्यांच्या व्यवहारांवर निर्बंध होते. न्यूयॉर्कचा शेअर बाजारही बंद होता. हूव्हर आणि रुझवेल्ट एकाच उघड्या मोटारीतून कॅपिटॉलकडे निघाले. मावळते अध्यक्ष बहुतेक वेळ गप्पच होते. मुलगा जेम्स याचा हात धरून रुझवेल्ट व्यासपीठापर्यंत चालत गेले आणि घराण्याच्या जुन्या डच बायबलवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. भीतीविषयीचे त्यांच्या भाषणातील वाक्य पुढे जगप्रसिद्ध झाले. समोरच्या गर्दीने सर्वाधिक टाळ्या मात्र वेगळ्याच विधानाला दिल्या. काँग्रेसने साथ दिली नाही, तर युद्धकाळात मिळतात तसे व्यापक अधिकार आपण मागू, असे त्यांनी सांगितले तेव्हा जमाव गर्जून उठला. त्या जल्लोषाने एलिनॉर यांना आनंद होण्याऐवजी धास्ती वाटली. हे लोक आता सांगाल ते करायला तयार आहेत, हे त्यांनी ओळखले होते. जर्मनीत हिटलर चान्सलर होऊन तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते.

सोमवारी पहाटे रुझवेल्ट यांनी देशातील सर्व बँकांना सुट्टी जाहीर केली. त्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळातील एका कायद्याचा आधार घेण्यात आला. खिशातील चार डॉलरवर आठवडा काढण्याची पाळी आलेल्या लोकांनी ही सुट्टी कशी स्वीकारावी? हलकल्लोळ माजेल, अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता सगळेच एका नावेत होते. दुकानदारांनी उधारीची वही उघडली, काही गावांनी आपल्यापुरत्या चिठ्ठ्या चलन म्हणून छापल्या, कुठे टपाल तिकिटांवर व्यवहार झाले. न्यूयॉर्कमधील एका मुष्टियुद्ध स्पर्धेत तर तिकिटाच्या मोबदल्यात वस्तू घेऊन प्रेक्षकांना आत सोडण्यात आले. बुधवारी रुझवेल्ट यांनी शंभराहून अधिक वार्ताहरांना आपल्या कचेरीत बोलावले आणि प्रश्न आधी लेखी देण्याची हूव्हर यांच्या काळातील अट काढून टाकली.

गुरुवारी, ९ मार्चला काँग्रेसचे विशेष अधिवेशन भरले. बँकांविषयीच्या आणीबाणी विधेयकाच्या प्रतीही सदस्यांच्या हाती पडल्या नव्हत्या. प्रतिनिधीगृहाने जेमतेम चाळीस मिनिटांच्या चर्चेनंतर ते संमत केले, सिनेटने ७३ विरुद्ध ७ मतांनी मान्यता दिली आणि त्याच रात्री अध्यक्षांची स्वाक्षरीही झाली. त्या कायद्याचा बराचसा मसुदा हूव्हर यांच्याच अर्थखात्यातील अधिकाऱ्यांनी तयार केला होता.

कायदा झाला, तरी बँक उघडल्यावर लोक पुन्हा पैसे काढण्यासाठी धावले असते, तर सारे व्यर्थ होते. सहकारी बँकेबाहेर ताटकळणारे ठेवीदार ज्यांनी आपल्या शहरात पाहिले आहेत, त्यांना हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. रविवार, १२ मार्चच्या रात्री दहा वाजता रुझवेल्ट रेडिओवर आले. सुमारे सहा कोटी लोकांनी ते भाषण ऐकले, असा अंदाज आहे. ठेवीदाराचा पैसा बँक तिजोरीत तसाच ठेवत नाही, तो कर्जरूपाने आणि रोख्यांत गुंतवते आणि म्हणून सर्वांनी एकाच दिवशी मागितला, तर चांगली बँकही तो देऊ शकत नाही, हे त्यांनी कोणालाही कळेल अशा भाषेत सांगितले. प्रत्येक बँक उघडेल, असे वचन त्यांनी दिले नाही. ज्या बँका तपासणीनंतर उघडतील, त्यांच्यात पैसा ठेवणे घरात लपवण्यापेक्षा सुरक्षित आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या दिवशी रांगा उलट्या फिरल्या. १५ मार्चला शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक वधारला. दोन आठवड्यांत दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम बँकांत परतली. व्हाइट हाउसकडे पत्रांचा पूर लोटला. पहिल्याच आठवड्यात सुमारे साडेचार लाख पत्रे आल्याची नोंद सांगितली जाते. हूव्हर यांच्या काळात टपालासाठी एक माणूस पुरत असे. आता पन्नास जण लागू लागले. शेतकरी, कामगार, विधवा, दुकानदार अशा लोकांनी घरच्या वडीलधाऱ्या माणसाला लिहावे, तशी पत्रे लिहिली होती. कोणी आभार मानले, कोणी नोकरी मागितली, कोणी गहाण पडलेल्या घराची कथा कळवली.

सारेच संतुष्ट होते, असे नाही. ज्यांच्या बँका पुन्हा उघडल्या नाहीत, त्यांची पुंजी अडकली. मार्चमध्येच झालेल्या काटकसरीच्या कायद्याने माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाला कात्री लागली. सोने परत करणाऱ्यांच्या रांगेत विश्वासाइतकीच भीतीही होती. साठेबाजांची नावे जाहीर करण्याचा इशारा रिझर्व्ह यंत्रणेने दिला होता. ठेवींना विम्याचे संरक्षण देणारा कायदा जूनमध्ये झाला, त्यालाही रुझवेल्ट सुरुवातीस अनुकूल नव्हते. ठेवीदाराला त्या दिवसांतील सर्वांत टिकाऊ आधार मात्र त्याच कायद्याने दिला.

पहिल्या शंभर दिवसांत पंधरा मोठे कायदे झाले. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेल्याने कृष्णवर्णीयांचा मोठा वर्ग बाहेरच राहिला. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये जिंकणारे रुझवेल्ट पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढवू पाहत होते, तेव्हा मात्र लोकमत आणि काँग्रेस दोघांनीही त्यांना रोखले. १९४२ मध्ये असे कोणी रोखले नाही. त्यांच्या १९ फेब्रुवारीच्या आदेशाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. शपथविधीच्या टाळ्यांनी एलिनॉर यांना वाटलेली धास्ती अनाठायी नव्हती.

त्याच वर्षी १ जुलैला वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधूनही एक पत्र रुझवेल्ट यांच्या नावे निघाले. भारत आणि आफ्रिका पारतंत्र्यात असताना आणि खुद्द अमेरिकेत वर्णभेद असताना लोकशाहीसाठी लढण्याचा मित्रराष्ट्रांचा दावा पोकळ ठरतो, असे महात्मा गांधींनी त्यात सुचवले होते. भारताच्या प्रश्नावर रुझवेल्ट यांनी चर्चिल यांच्याकडे रदबदली केली होती. पण युद्धातील मैत्री पणाला लावण्याची त्यांची तयारी नव्हती. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना अटक झाली.

चौथ्यांदा अध्यक्ष झालेल्या रुझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांचे वय ६३ होते. त्यांचे पार्थिव नेणारी रेल्वेगाडी वॉशिंग्टनकडे निघाली, तेव्हा रुळांच्या दुतर्फा लोक उभे होते. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी त्यांच्या शब्दावर गादीखालचे पैसे बँकेत नेऊन भरले, त्यांतील कित्येक जण त्या गर्दीत असतील. हाइड पार्कच्या गुलाबबागेत रुझवेल्ट यांचे दफन झाले. तिथल्याच ग्रंथालयात त्यांना जनतेने लिहिलेली पत्रे जपून ठेवली आहेत. आभाराची आहेत तशी तक्रारीची आणि रागाचीही आहेत. आपले म्हणणे या माणसापर्यंत पोहोचेल, एवढे मात्र ती लिहिणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरलेले दिसते.