बालसंगीतकाराचा प्रवास

९ जून १७६३ रोजी साल्झबर्ग नगरातून एक घोडागाडी दूरच्या प्रवासास निघाली. हे नगर आज ऑस्ट्रिया देशात आहे. गाडीत आईवडील, त्यांची दोन मुले आणि एक नोकर एवढी माणसे होती. मुलीचे नाव मारिया अ‍ॅना. घरी तिला सर्व जण नानेर्ल म्हणत. तिला बारावे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस उरले होते. धाकटा वोल्फगांग अवघा सात वर्षांचा होता. हाच पुढे मोझार्ट या नावाने जगद्विख्यात संगीतकार झाला.

मोझार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी झाला. वडील लिओपोल्ड हे तेथील धर्माधिपतींच्या दरबारी वादक होते. त्यांना सात अपत्ये झाली. त्यांपैकी ही दोनच जगली. नानेर्ल वाजवण्यास शिकू लागली, तेव्हा तीन वर्षांचा वोल्फगांग तिच्या वाद्यापाशी जाऊन एकमेकांशी जुळणारे स्वर शोधत बसे. पाचव्या वर्षी तो लहान लहान रचना करू लागला. त्या काळी परगावचे संगीत ऐकायचे तर त्या गावी जावेच लागे. आपल्या मुलांचे वादन जगाने ऐकावे आणि जगाचे संगीत मुलांनी ऐकावे, या हेतूने लिओपोल्ड सहकुटुंब निघाले होते.

प्रवासाच्या आरंभीच गाडीचे चाक मोडले. दुरुस्ती होईपर्यंत वडिलांनी मुलाला तेथील चर्चमधील ऑर्गन दाखवला. या प्रचंड वाद्याचे काही स्वर पायांनी वाजवावे लागतात. वोल्फगांगने बसण्याचे आसन बाजूस सारले आणि उभ्यानेच ते वाजवून दाखवले! म्युनिक, फ्रँकफुर्ट, ब्रुसेल्स अशी नगरे पाहत हे कुटुंब पॅरिसला पोहोचले. पुढे कॅले बंदरात मुलांना समुद्राचे दर्शन घडले. समुद्र मागे हटतो आणि पुन्हा वाढतो, याचे नानेर्लला इतके नवल वाटले, की तिने ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले.

बोटीतून खाडी ओलांडून ते २३ एप्रिल १७६४ रोजी लंडनला आले. चारच दिवसांनी राजे तिसरे जॉर्ज यांच्यापुढे मुलांचे वादन झाले. तेथेच योहान क्रिस्टियान बाख हे थोर संगीतकार त्यांना भेटले. ते वोल्फगांगला आपल्यापुढे बसवून घेत. थोडा भाग ते वाजवीत, पुढचा तो वाजवी. ऐकणाऱ्यास वाटे, एकच वादक वाजवीत आहे.

परंतु त्याच उन्हाळ्यात लिओपोल्ड गंभीर आजारी पडले. परका देश, परकी भाषा आणि घरचा कर्ता पुरुष अंथरुणावर! हवापालटासाठी कुटुंब लंडनबाहेर चेल्सी येथे राहावयास गेले. वडिलांना विश्रांती मिळावी म्हणून मुलांना वाद्यास हात लावण्याची मनाई झाली. तेव्हा आठ वर्षांच्या वोल्फगांगने कागद पुढे ओढला आणि अनेक वाद्यांनी मिळून वाजवावयाची, सिंफनी नावाची मोठी रचना लिहावयास घेतली. नानेर्ल शेजारी बसून तिची नक्कल उतरवून घेत होती. हॉर्न या शिंगासारख्या वाद्याला काही चांगले काम द्यायचे आहे, याची आठवण करून देण्यास त्याने तिला बजावले होते. घर निःशब्द होते. त्या बालकाच्या मनात मात्र सारी वाद्ये वाजत होती.

वडील बरे झाले. पण संकटे सरली नव्हती. १७६५ साली हॉलंडमधील द हेग येथे प्रथम नानेर्लला व मागोमाग वोल्फगांगला विषमज्वराने गाठले. नानेर्लच्या जिवाची आशा जवळजवळ सुटली होती. आईवडिलांनी रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि दोन्ही मुले वाचली. २९ नोव्हेंबर १७६६ रोजी, सुमारे साडेतीन वर्षांनी, सर्व जण सुखरूप घरी परतले.

१७६९ च्या डिसेंबरात लिओपोल्ड इटलीच्या प्रवासास निघाले, तेव्हा त्यांनी केवळ मुलाला बरोबर नेले. नानेर्ल आता उपवर झाली होती. तिने आईजवळ घरी राहावे असे ठरले. ज्या वाटेवर भावंडे बरोबर चालली होती, ती वाट तिच्यापुरती तेथेच संपली. मोझार्टने पुढे सहाशेहून अधिक रचना केल्या आणि ५ डिसेंबर १७९१ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, व्हिएन्ना येथे त्याचे निधन झाले.

नानेर्ल १८२९ सालापर्यंत जगली. भावाच्या पश्चात तिने त्याच्या बालपणीच्या आठवणी सांगितल्या. चेल्सीतील त्या निःशब्द घरात काय घडले, हे आज जगाला ठाऊक आहे, ते त्याच्या शेजारी बसून लिहिणाऱ्या या बहिणीमुळेच.