वनस्पतिरोगांचे कोडे उलगडणारे डॉक्टर : अँटन डी बारी

बटाट्याचे पान काळे पडले आणि त्यावर पांढरट बुरशी दिसली, तर बुरशीमुळे पान कुजले की कुजलेल्या पानावर बुरशी आली? आज सोपा वाटणारा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील विद्वानांमध्ये मोठ्या वादाचा विषय ठरला होता. या प्रश्नाचा निर्णायक निकाल लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश अँटन डी बारी यांना आधुनिक वनस्पतिरोगशास्त्राचे जनक मानले जाते.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नव्हता. 1845 मध्ये युरोपभर बटाट्याचे पीक करप्याने कुजले. बटाट्यावरच गुजराण करणाऱ्या आयर्लंडमध्ये त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मृत्युमुखी पडली. तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. दमट हवा, झाडात साठलेले जादा पाणी, जमिनीतून निघणारी दूषित वाफ, अशी नाना कारणे त्या वेळी पुढे आली. इंग्लंडमधील माइल्स बर्कली या धर्मोपदेशक अभ्यासकाने 1846 मध्ये बुरशीलाच दोषी ठरवले होते. त्याआधी 1807 मध्ये बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी गव्हावरील काणी बुरशीमुळे होते, हे प्रयोगाने दाखवले होते. तथापि, सडणाऱ्या वनस्पतीतूनच बुरशी आपोआप जन्मते, या समजुतीचा पगडा एवढा जबरदस्त होता की दोघांचेही म्हणणे मागे पडले.

डी बारी यांचा जन्म 26 जानेवारी 1831 रोजी फ्रँकफुर्ट येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. दहा भावंडांच्या या कुटुंबात वडिलांनी मुलाच्या निसर्गप्रेमाला उत्तेजन दिले. शहराभोवती वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या अभ्यासकांच्या संगतीत शैवाल आणि बुरशी यांची गोडी त्यांना शाळकरी वयातच लागली. पुढे हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि बर्लिन येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि 1853 मध्ये पदवी मिळवली. मात्र त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक माणसांच्या नव्हे, तर पिकांच्या रोगांविषयी होते. तांबेरा व काणी या रोगांतील बुरशी ही रोगट पेशींतून निपजलेली वस्तू नसून स्वतंत्र सजीव आहे, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. फ्रँकफुर्टमधील वैद्यकीय व्यवसाय त्यांनी लवकरच सोडला आणि 1854 मध्ये ट्युबिंगन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवण्यास आरंभ केला. पुढील वर्षी ते फ्रायबुर्गला गेले.

फ्रायबुर्गच्या काळातच त्यांनी बटाट्याच्या करप्याचा प्रश्न हाती घेतला. त्यांची रीत साधी, पण काटेकोर होती. निरोगी पानांवर त्यांनी बुरशीचे बीजाणू टाकले आणि पुढे काय घडते ते सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहिले. बीजाणू रुजला, त्याचा तंतू पानात शिरला, आतील पेशींमध्ये त्याचे जाळे पसरले, काळे डाग उमटले आणि अखेरीस पानावर नव्या बीजाणूंचे पीक आले. पाण्याच्या थेंबात या बुरशीचे पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडताना त्यांनी पाहिले. जमिनीत गेलेल्या बीजाणूंपासून बटाट्याच्या कंदालाही लागण होते आणि कंदात दडलेले तंतू हिवाळा काढू शकतात, हेही त्यांना आढळले. हे निष्कर्ष त्यांनी 1861 मध्ये प्रसिद्ध केले.

वनस्पतिरोगशास्त्राची प्राथमिक परिभाषा या प्रयोगांच्या आधारे सहज उलगडते. ज्या झाडावर रोग पडतो ते यजमान. रोग घडवणारा जीव म्हणजे रोगकारक. तो यजमानाच्या शरीरात शिरून तेथे जम बसवतो, ती लागण. काळा डाग किंवा कूज हे यजमानात दिसणारे लक्षण, तर पानावर दिसणारी पांढरी बुरशी हे रोगकारकाच्या उपस्थितीचे चिन्ह. लक्षण आणि कारण यांतील हा भेद स्पष्ट झाल्यावाचून कोणताही उपाय शोधणे शक्य नव्हते. दमट हवेला दोष देणारेही सर्वस्वी चुकीचे नव्हते. पोहणाऱ्या बीजाणूंना पाणी लागते, म्हणूनच ओल्या हवेत करपा झपाट्याने पसरतो. यजमान, रोगकारक आणि अनुकूल हवामान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच रोग उद्भवतो. पुढे हाच विचार ‘रोगत्रिकोण’ या नावाने शिकवला जाऊ लागला.

गव्हाच्या तांबेऱ्याचे कोडे याहून गुंतागुंतीचे होते. बार्बेरीच्या झुडपांजवळच्या शेतात तांबेरा अधिक पडतो, असे युरोपातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीत तर 1726 मध्येच ही झुडपे तोडण्याचा कायदा झाला होता. विद्वानांना मात्र ही भोळी समजूत वाटत होती. तांबेऱ्याच्या हिवाळी बीजाणूंपासून निघणारे पुढील बीजाणू गव्हाला लागत नाहीत, हे लक्षात येताच डी बारी यांनी ते बार्बेरीच्या पानांवर टाकून पाहिले. तेथे त्यांची लागण झाली. बार्बेरीवर तयार झालेले बीजाणू मग धान्याच्या रोपांवर तांबेरा घेऊन आले. एकाच बुरशीचे आयुष्य दोन निरनिराळ्या यजमानांवर पुरे होते, हे 1865 च्या सुमारास अशा रीतीने सिद्ध झाले आणि शेतकऱ्यांचे निरीक्षण खरे ठरले.

1867 मध्ये डी बारी हाले येथे गेले. फ्रान्स-जर्मनी युद्धानंतर स्ट्रासबुर्ग येथे विद्यापीठाची पुनर्रचना झाली, तेव्हा 1872 मध्ये त्याचे पहिले कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या प्रयोगशाळेत युरोप-अमेरिकेतून विद्यार्थी येत. येथेच त्यांनी 1879 मध्ये भिन्न जातींच्या जीवांचे एकत्र जगणे या अर्थाने सहजीवनाची संकल्पना मांडली. आज आपण हा शब्द परस्परांच्या लाभापुरता वापरतो, पण डी बारी यांच्या व्याख्येत परोपजीवनाचाही समावेश होता. केवळ जिवंत यजमानावर जगणारे आणि प्रसंगी मृत पदार्थांवरही निभावणारे परोपजीवी, असे भेदही त्यांनी स्पष्ट केले. 1886 मध्ये भाज्या कुजवणाऱ्या एका बुरशीचा अभ्यास करताना, ती स्वतःच्या स्रावाने पेशी आधी मारते आणि मग त्यांवर पोसते, असे त्यांनी दाखवले.

त्यांच्या अभ्यासाचे फळ शिष्यांच्या हातून शेतापर्यंत पोहोचले. फ्रान्सचे मिलार्दे हे त्यांचे विद्यार्थी. द्राक्षावरील केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण त्यांनी 1885 मध्ये जाहीर केले. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांना हे नाव परके नाही. तांबेऱ्याविषयी भारतात मात्र निराळे उत्तर निघाले. आग्रा येथील करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की, आपल्याकडे या रोगाच्या प्रसारात बार्बेरीला महत्त्व नाही. मैदानी उन्हाळ्यात तग न धरणारा तांबेरा डोंगराळ भागात टिकतो आणि तेथून दरवर्षी नव्याने येतो. दक्षिणेत त्याचे उगमस्थान निलगिरी व पलणीचे डोंगर आहेत.

बटाट्याच्या रोगकारकाला डी बारी यांनीच 1876 मध्ये ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा, हे नाव दिले. त्याच्या लैंगिक बीजाणूंचा त्यांनी बराच शोध घेतला, पण ते त्यांना सापडले नाहीत. दुसऱ्याने केलेला त्यांच्या शोधाचा दावाही पुरावा अपुरा म्हणून त्यांनी अमान्य केला. 19 जानेवारी 1888 रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस आठवड्यावर असताना, जबड्याच्या गाठीच्या विकाराने स्ट्रासबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. ते बीजाणू निसर्गात आढळले ते 1950 च्या दशकात, मेक्सिकोमध्ये. आजच्या वर्गीकरणानुसार तर हा जीव खरी बुरशीही नाही. त्याचे नाते तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. वर्गीकरण बदलले, तरी तो रोगाचा परिणाम नसून रोगाचे कारण आहे, हा डी बारी यांचा निर्णय अबाधित आहे. करप्यावरील आजचे सारे उपाय त्या निर्णयावरच उभे आहेत.