अचूक फोकसचा कारागीर : ऑस्कर बार्नाक

जुन्या लेन्स हाती आल्या, की त्यांच्यासाठी फिल्म कॅमेऱ्याची कोणती बॉडी घ्यावी, हा प्रश्न हौशी छायाचित्रकारांना आजही पडतो. हाताने फोकस करायचा, तर फोकस साधला की नाही हे डोळ्याला स्पष्ट कळले पाहिजे आणि लेन्स बॉडीवर तंतोतंत बसली पाहिजे. लहान कॅमेऱ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे मोठे श्रेय ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रकाराकडे जाते. 'लायका' कॅमेऱ्याचे हे जनक आयुष्यभर दम्याने त्रस्त होते.

१ नोव्हेंबर १८७९ रोजी ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लिनो या गावी बार्नाक यांचा जन्म झाला. बर्लिनजवळ खगोलशास्त्रीय उपकरणे बनविणाऱ्या कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली. १९०२ मध्ये ते येना येथील कार्ल झाइस कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. पण काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा आणि तिपाई घेऊन रानावनांतून चढण चढणे त्यांच्या छातीला पेलवेना. लहान नेगेटिव्ह घेऊन त्यावरून मोठे चित्र करावे, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो याच काळात.

१९११ मध्ये ते वेट्झलार येथील लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कंपनीत आले. तेथे सिनेमाच्या कॅमेऱ्यावर काम करताना त्यांना सिनेमाची फिल्म उपयोगी वाटली. तिची चौकट दुप्पट करून त्यांनी २४ बाय ३६ मिलिमीटरचे नेगेटिव्ह निश्चित केले आणि १९१४ पर्यंत खिशात मावेल असा धातूचा कॅमेरा तयार केला. पुढे महायुद्ध पेटले आणि हे काम मागे पडले. मात्र बार्नाक यांनी छायाचित्रे घेणे सोडले नाही. वेट्झलारमधील १९२० चा पूर त्यांनी याच कॅमेऱ्याने टिपला.

महायुद्धानंतर जर्मनी भीषण चलनवाढीने होरपळली. अशा वेळी नव्या वस्तूत पैसा गुंतविणे हा कंपनीसाठी जुगारच होता. एवढ्याशा नेगेटिव्हवर अनेक जाणकारांचा विश्वासही नव्हता. तरीही मालक एर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी १९२४ मध्ये उत्पादनाचा निर्णय घेतला. कामगारांच्या हाताला काम मिळावे, हाही त्यामागे हेतू होता. माक्स बेरेक यांनी लेन्स रचली आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांसमोर आला.

या कॅमेऱ्यात एक उणीव होती. लेन्स पक्की बसवलेली असे आणि अंतर अंदाजाने किंवा वेगळ्या अंतरमापकाने मोजून लेन्सवर लावावे लागे. १९३० मध्ये लेन्स बदलण्याची सोय झाली. पण प्रत्येक लेन्स विशिष्ट बॉडीशीच जुळवून घ्यावी लागे. १९३१ पासून लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे प्रमाणित झाले. आता आट्यांची कोणतीही लायका लेन्स नव्या प्रमाणाच्या कोणत्याही बॉडीवर चालू लागली.

१९३२ च्या 'लायका दोन'मध्ये अंतरमापक लेन्सलाच जोडला गेला. लेन्स फिरवली, की बॉडीतील तरफ हलते आणि दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. त्या एकरूप झाल्या, की फोकस साधला. त्याच वर्षी झाइस या त्यांच्या जुन्या कंपनीने 'काँटॅक्स' बाजारात आणला. त्याच्या अंतरमापकाचा पाया अधिक लांब, म्हणून मोजमाप सूक्ष्म. पुढच्या वर्षीच्या 'लायका तीन'मध्ये अंतरमापकाची प्रतिमा दीडपट मोठी करण्यात आली.

१६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी बार्नाक यांचे निधन झाले. त्यांच्या आट्यांची बैठक मात्र टिकली. सोव्हिएत आणि जपानी कारखान्यांनीही ती उचलली. १९५४ मध्ये आलेल्या 'लायका एम तीन'ने आटे सोडून खाचेची बैठक स्वीकारली. पण तिचे फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर ठेवले. उरलेल्या एका मिलिमीटरची कडी घातली, की जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते आणि अंतरमापकही चालतो. शिवाय या बॉडीत चौकट आणि अंतरमापक एकाच खिडकीत दिसतात. बार्नाक यांच्या कॅमेऱ्यांत त्यासाठी दोन खिडक्यांतून पाहावे लागे.

म्हणूनच जुन्या लेन्सना बॉडी शोधणारा जाणकार लेन्स अनंतावर लावून आधी दूरच्या मनोऱ्याकडे पाहतो. दोन प्रतिमा तेथे एक झाल्या नाहीत, तर चकचकीत बॉडीही दुरुस्तीशिवाय कामाची नाही. ओझे न पेलणाऱ्या एका माणसाने हलका कॅमेरा घडवला. पण त्याची खरी देणगी वजनात नव्हे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत पाळलेल्या शिस्तीत आहे.