आकाशातून आलेले लोखंड

मुलांनो, मालेगावात रात्री गच्चीवर झोपताना तुम्ही तारा तुटताना पाहिला असेल. आकाशातून असा दगड जमिनीवर पडला, तर त्याला उल्कापाषाण म्हणतात. १८७७ साली आपल्या शेजारच्या धुळ्यातही उल्कापाषाण पडला होता. त्याच्याही फार पूर्वी एका बादशहाला असा पाषाण मिळाला. तो बादशहा म्हणजे जहांगीर.

अकबराचा मुलगा जहांगीर १५६९ साली जन्मला. १६०५ साली तो गादीवर बसला. पशू, पक्षी, फुले यांचे त्याला मोठे कुतूहल होते. नवी वस्तू दिसली, की तो ती मोजून तिची माहिती लिहून ठेवी.

एप्रिल १६२१ मध्ये जालंधर भागातील एका गावी मोठा आवाज होऊन आकाशातून तेजस्वी गोळा पडला. लोक घाबरले. पण तेथील अंमलदार महंमद सईद याने जळालेली जमीन खणवली. आत गरम लोखंड सापडले. ते त्याने दरबारात पाठवले. जहांगीरने ते आपल्यासमोर तोलून घेतले. वजन १६० तोळे, म्हणजे सुमारे दोन किलो भरले. उस्ताद दाऊदने हातोडा मारताच ते फुटू लागले. मग त्यात साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी घडवली.

जहांगीर १६२७ साली वारला. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तिची हकीकत आपल्याला कळते, कारण त्याने ती लिहून ठेवली. तुम्हांलाही कधी वेगळा दगड सापडला, तर दिवस, जागा आणि वजन आधी वहीत लिहा.