क्लेमेन्स फॉन पिर्के

घटसर्प हा रोग पूर्वी बालकांचा कर्दनकाळ होता. १८९० साली बेरिंग व किटासाटो या शास्त्रज्ञांनी त्यावर उपाय दाखविला. रोगाचे विष प्राण्याला अल्प प्रमाणात टोचले, की त्याच्या रक्तात त्या विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये निर्माण होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पुढे घोड्याच्या रक्तापासून असे सीरम तयार होऊ लागले आणि असंख्य बालके वाचली. परंतु या संजीवनीत एक वैगुण्य होते. सीरम टोचल्यावर आठ ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे सुजत. जे औषध तारते, तेच पीडा का देते?

हे कोडे सोडविणाऱ्या पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीजवळ एका उमराव घराण्यात झाला. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन सोडून ते वैद्यकाकडे वळले. १९०० साली ग्रात्स विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविल्यावर ते व्हिएन्नातील बालरुग्णालयात काम करू लागले.

तेथे बेला शिक या सहकाऱ्यासह त्यांनी सीरम टोचलेल्या मुलांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. तेच सीरम काही आठवड्यांनी पुन्हा टोचले, तर आजार कित्येकदा काही तासांतच प्रकट होई. सीरम स्वतःच विषारी असते, तर दोन्ही वेळा सारखाच अवधी लागला असता. मग हा फरक कशामुळे? पिर्के यांनी अनुमान काढले, की पहिल्या वेळी शरीर परक्या सीरमविरुद्ध सावकाश प्रतिपिंडे घडविते. दुसऱ्या वेळी ती सज्जच असतात. या दोहोंच्या झुंजीतूनच आजार उद्भवतो. पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्यावर तुटून पडले, तर घराचीच मोडतोड व्हावी, तसा हा प्रकार! प्रतिपिंडे केवळ रक्षण करतात, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

१९०५ साली या दोघांनी आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. शरीराच्या या बदललेल्या वृत्तीला पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. ‘अन्य’ आणि ‘क्रिया’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. १९०७ साली त्यांनी त्वचेवर बारीक ओरखडा काढून क्षयाचा संसर्ग ओळखण्याची चाचणी शोधली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील उपाशी मुलांना पोषक अन्न पुरविण्याच्या कार्यातही ते अग्रभागी होते.

१९२९ साली त्यांचे निधन झाले. १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत ॲलर्जीस कारण होणारे विशिष्ट प्रतिपिंड शोधून काढले. धुळीने शिंका का येतात, एखाद्या अन्नाने अंगावर गांधी का उठतात, हे आज डॉक्टर सांगू शकतात. त्या ज्ञानाचा उगम आजारी मुलांच्या खाटांजवळ चिकाटीने ठेवलेल्या दिवसांच्या हिशेबात आहे.