मक्याचा शास्त्रज्ञ

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले व गदर चळवळीत उडी घेतली. त्यामुळे इंग्रज सरकारने त्यांची मायदेशाची वाटच बंद केली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले व पुढे चापिंगो येथील कृषिविद्यालयात शिकवू लागले. तेथील गोरगरिबांचे मुख्य अन्न मका. त्याचे पीक वाढावे, हाच ध्यास आता त्यांनी घेतला. टिओसिंटे नावाचे तेथील रानगवत म्हणजे मक्याचेच आप्त. या दोहोंचा त्यांनी संकर घडविला. हे काम मोठे चिकाटीचे! मक्याचा तुरा शेंड्याला, कणीस मात्र ताटाच्या मध्यावर. वारा कोणाचे पराग कोठे नेईल याचा नेम नाही. म्हणून कणसाला केस फुटण्यापूर्वीच त्यावर पिशवी बांधावयाची, निवडलेले पराग हाताने टाकावयाचे आणि दाणे पेरून पुढील हंगामाची वाट पाहावयाची. अशा प्रयोगांतून त्यांनी मक्याच्या नव्या जाती सिद्ध केल्या. शेतकऱ्यांसाठी शेतीशाळाही काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात, पंगतीला भाकर वाटणाऱ्या माणसाच्या रूपात त्यांनाच रंगविले. भारत स्वतंत्र झाला तेव्हा खानखोजे यांनी साठी ओलांडली होती. त्यानंतर ते मायदेशी परतले व १९६७ मध्ये नागपूर येथे वारले.