औंधच्या राजवाड्यातील पहाट

१९३६ साली एक मराठी संस्थानिक इंग्लंडला गेले होते. वय सदुसष्ट. लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांची त्यांच्याशी भेट झाली. संस्थानाच्या कारभारापेक्षा मॉर्गन यांना कुतूहल वाटले ते पाहुण्यांच्या प्रकृतीचे. एवढ्या वयात ही तब्येत आणि हा उत्साह कशामुळे, याचे उत्तर त्यांना मिळाले ते घरच्या घरी, कोणत्याही साधनाशिवाय करायच्या एका व्यायामात. मॉर्गन यांनी त्यावर वर्तमानपत्रात लिहिले आणि पुढे १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम होता सूर्यनमस्कार आणि संस्थानिक होते औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

आज अनेक घरांत नवरा-बायको, भावंडे किंवा मित्र मिळून घरीच जोरदार व्यायामाचा कार्यक्रम सुरू करतात. पहिला आठवडा उत्साहाचा जातो, दुसऱ्यात अंग दुखते आणि तिसऱ्यात सतरंजी कोपऱ्यात जाते. बाळासाहेबांचा व्यायाम मात्र चाळिशीत सुरू होऊन उतारवयापर्यंत टिकला. तो कसा टिकला आणि त्यात त्यांचे काय चुकले, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

सँडोची दहा वर्षे

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले गाव. बहात्तर गावांचे हे संस्थान लहान, तेही एकसलग नव्हते, ठिकठिकाणी विखुरलेले होते. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पदवीधर झाले. चित्रकलेचा आणि कीर्तनाचा त्यांना छंद होता. पण राजघराण्यातल्या माणसाला आरोग्याचा एक धोका जन्मापासूनच असतो. जेवण तुपाचे, हाताशी नोकर, चालायची गरज नाही. आज शहरातल्या नोकरदाराला जो धोका लिफ्टने आणि खुर्चीने आणून दिला आहे, तो तेव्हा मोजक्या वाड्यांतच होता.

त्या काळात युरोपात युजीन सँडो या बलवानाचे नाव गाजत होते. मूळच्या प्रशियातल्या या पहिलवानाने व्यायाम घरात आणला. हलकी डंबेल्स, समोर आरसा, ठरलेल्या हालचाली आणि छाती-दंडांची मोजमापे असा त्याचा पाठ होता. १८९७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच सुमारास, वयाच्या अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके आणि साधने मागवून व्यायाम सुरू केला. सुमारे दहा वर्षे त्यांनी तो नेमाने केला. त्याचा गुणही आला, छाती भरली, ताकद वाढली.

सँडोच्या पद्धतीत वैद्यकीयदृष्ट्या चूक काहीच नव्हती. वजन उचलले की स्नायू वाढतात, हाडांवर ताण येऊन तीही मजबूत होतात. पण ही पद्धत मुळात एकट्याची. माणूस, आरसा आणि हातातले लोखंड. साधने विकत घ्यावी लागत, त्यामुळे ती सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. एका स्नायूगटाचा व्यायाम झाला की दुसऱ्याचा, असा तो तुकड्यातुकड्यांनी होई. कमरेचा, मांड्यांमागचा लवचिकपणा आणि हृदय-फुप्फुसांचा दम या गोष्टींवर त्यात भर कमी होता.

मिरजेचा मित्र

बदल झाला तो एका स्नेह्यामुळे. मिरज थोरली पातीचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन हे त्यांचे मित्र. त्यांनाही बाळासाहेबच म्हणत. ते स्वतः सूर्यनमस्कार घालत आणि औंधच्या बाळासाहेबांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. १९०८ मध्ये, चाळिशीला टेकलेल्या औंधच्या बाळासाहेबांनी तो मानला. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर आले. कामाचा व्याप वाढला, पण व्यायाम सुटला नाही.

सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. घरात सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची रीत होती, तालमीत जोर काढण्याची परंपरा होती. बाळासाहेबांनी ते शोधून काढले नाहीत. त्यांनी त्यांची घडी बसवली. दहा स्थिती ठरवल्या. हात जोडून उभे राहणे, वाकून तळवे जमिनीला टेकवणे, एक पाय मागे नेणे, दुसराही मागे नेऊन कंबर उचलणे, साष्टांग स्थिती, छाती वर उचलून मागे पाहणे आणि मग त्याच वाटेने परत उभे राहणे. प्रत्येक स्थितीत श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे ठरलेले. प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्राचा मोठ्याने उच्चार.

या रचनेकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. पहिली, यात शरीराचे वजन हेच लोखंड आहे. ते हातांवर, खांद्यांवर, पोटाच्या स्नायूंवर आळीपाळीने पडते. दुसरी, पाठीचा कणा पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांना वाकतो. तिसरी, वेग वाढवला की हाच व्यायाम मध्यम श्रमावरून जोरदार श्रमापर्यंत जातो. मंत्रोच्चाराचाही एक व्यावहारिक फायदा आहे. श्रम किती होत आहेत हे ओळखण्याची आजची सोपी कसोटी बोलण्याचीच आहे. मध्यम व्यायामात माणूस बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही. जोरदार व्यायामात चार शब्दांपुढे वाक्य जात नाही. दर नमस्काराला मोठ्याने उच्चार करणाऱ्याला आपला दम किती उरला आहे हे आपोआप कळते.

एकाचा नेम, साऱ्या घराचा नेम

औंधच्या राजवाड्यात हा व्यायाम एकट्याचा राहिला नाही. राणीसाहेबही सूर्यनमस्कार घालू लागल्या. त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या बाईने पदर खोचून नेमाने व्यायाम करावा ही साधी गोष्ट नव्हती. अनेक बाळंतपणे झालेल्या आईने तर नाहीच. मुलांनाही लहानपणापासून तीच सवय लागली. पुढे परराष्ट्र सेवेत नाव कमावलेले त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत याच शिस्तीत वाढले. पहाटे उठायचे, अंघोळ करायची, नमस्कार घालायचे.

सोबतीने केलेला व्यायाम जास्त टिकतो, हे आज व्यायामाच्या मानसशास्त्रात मान्य झाले आहे. त्यामागची कारणे साधी आहेत. दुसरा माणूस वाट पाहत असेल तर पांघरूण बाजूला करावेच लागते. एकाचा कंटाळा दुसऱ्याच्या उत्साहाने भरून निघतो. घरातले सगळेच करत असतील तर व्यायामाची वेळ कोणी मोडत नाही, जेवणाची मोडत नाहीत तशी. व्यायाम न करणाऱ्या घरात व्यायाम करू पाहणाऱ्याला मात्र रोज आपल्या वेळेसाठी थोडे भांडावे लागते.

पण सोबतीत एक धोकाही असतो, बरोबरीचा. नवरा पन्नास काढतो म्हणून बायकोनेही पहिल्याच दिवशी पन्नास काढायचे, किंवा पंचविशीतल्या मुलासोबत पंचावन्नच्या वडिलांनी धावायचे. बाळासाहेबांनी इथे शहाणपण दाखवले. त्यांनी नमस्कारांची संख्या वयानुसार वेगवेगळी सांगितली. लहान मुलांना थोडे, वाढत्या वयात जास्त, प्रौढांना त्याहून जास्त. वेळ सगळ्यांची एक, संख्या ज्याची त्याची.

शरीरशास्त्रही हेच सांगते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावू लागल्यामुळे. स्नायू भरायला वेळ लागतो, स्नायुबंध आणि सांधे त्याहून सावकाश तयार होतात. उत्साह वाढतो त्या वेगाने मनगटे, खांदे आणि गुडघे तयार होत नाहीत. नव्या माणसाचे अंग आंबते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, आणि ते नैसर्गिक आहे. पण पहिल्याच दिवशी शंभराचा हट्ट धरल्यास क्वचित स्नायू इतके फुटतात की त्यातली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतात. व्यायामानंतर असह्य दुखणे, सूज आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली, तर तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हुकमाचा व्यायाम

घरात जे जमले ते सगळ्या संस्थानात व्हावे असे राजाला वाटणे स्वाभाविक होते. बाळासाहेबांनी औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, मुलींनाही त्यातून वगळले नाही. गावोगाव ते स्वतः प्रचार करत. हातात सत्ता होती आणि मनात कळकळ होती. मुलामुलींच्या शाळेत रोज व्यायाम होतो आहे, हे दृश्य त्या काळात दुर्मीळ होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र सक्तीची सोबत आणि मनाची सोबत यात फरक असतो. मिरजेच्या मित्राने आग्रह केला होता, हुकूम नव्हे. म्हणून तो चाळिशीतल्या माणसाच्या अंगात मुरला. हुकमाचा व्यायाम हुकूम असेपर्यंत होतो. जोडीदाराला व्यायामाला लावू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. रोज टोमणा मारून उठवलेला माणूस व्यायामाचा आणि टोमणा मारणाऱ्याचा, दोघांचाही कंटाळा करू लागतो.

बाळासाहेबांच्या आयुष्यात या गोष्टीला एक वेगळा शेवट आहे. जानेवारी १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेनुसार, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत उभी राहिली. प्रत्येक मुलाने पहाटे नमस्कार घालावेत असा हुकूम काढू शकणाऱ्या राजाने हुकूम काढण्याचा अधिकारच सोडून दिला. स्वतःचा व्यायाम मात्र सोडला नाही.

दावे आणि मर्यादा

सूर्यनमस्कारांनी जवळजवळ सगळे रोग दूर राहतात, अशी बाळासाहेबांची श्रद्धा होती आणि ते तसे लिहीतही. ती मान्य करता येत नाही. नियमित व्यायामाने रक्तदाब, रक्तातील साखर, वजन, झोप आणि मनाची स्थिती सुधारते, हृदयविकाराचा धोका घटतो, हे पक्के आहे. पण क्षय, कर्करोग किंवा जंतुसंसर्ग व्यायामाने बरे होत नाहीत. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून औषधाची परीक्षा होत नाही. राजाला चांगले अन्न, स्वच्छ पाणी आणि वैद्य हाताशी होते. तसे भाग्य त्याच्या प्रजेतल्या शेतमजुराला नव्हते.

काहींनी तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदयविकार असलेले, मणक्याची चकती सरकलेले, हर्निया असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी. डोके खाली जाणाऱ्या स्थितीत डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्याला इजा झालेल्यांनी विशेष जपावे. व्यायाम करताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, भोवळ जाणवली तर जोडीदाराने पुढचा आकडा मोजू नये. तिथेच थांबवून मदत मागावी. सोबतीचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित हाच असेल.

प्रौढांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम किंवा पंच्याहत्तर ते दीडशे मिनिटे जोरदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. रोजचे सांगायचे तर हे बावीस-पंचवीस मिनिटांवर येते. दोघांनी मिळून सुरुवात करताना पाच-सहा नमस्कार पुरेत. आठवड्यागणिक थोडे वाढवावेत आणि साथीला चालणे ठेवावे.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेब वारले. गादी गेली, शाळांतली सक्तीही गेली. औंधच्या टेकडीवर यमाईचे मंदिर आणि त्यांनी उभारलेले संग्रहालय आहे. देशोदेशी राजदूत म्हणून फिरलेल्या आप्पासाहेबांनी १९७० मध्ये सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वडिलांबरोबर पहाटे लागलेली सवय मुलाने साठीच्या उंबरठ्यावर लोकांना सांगावीशी वाटण्याइतकी जपली होती.